मेव्हणीने आणलेली पेटी

मेव्हणीने पेटी टेबलावर ठेवली आणि खुर्ची ओढून समोरच बसली. "बघा भाऊजी. परवा ह्यांचं जहाज लागतंय. त्याआधी सांगा, ह्यांचे सिगार ठीक आहेत ना?"

भाऊजींनी चष्मा चढवला. नात्यात, मित्रांत कुणाकडेही जुने सिगार निघाले की ते तपासायला यांच्याकडेच यायचे. त्यांचा उभा जन्म चहाच्या कंपनीत चहाची पारख करण्यात गेला होता. नाकाबद्दल त्यांचा शब्द अखेरचा.

फक्त ते नाक आता राहिलं नव्हतं. हिवाळ्यातल्या तापात गेलं, ते परत आलंच नाही. साबण, फिनेल, चिरलेला कांदा, सगळं सारखंच, म्हणजे काहीच नाही. हे एकट्या बायकोला ठाऊक होतं. बाकीच्यांसमोर ते डोळे मिटून हुंगायचे, ठरलेली चार वाक्यं म्हणायचे आणि वेळ मारून न्यायचे. फजितीची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. आता उरलेला जन्म असाच काढायचा की काय, या विचाराने त्यांना धड झोप लागत नव्हती.

बायकोने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा पेटीकडे. "मी चहा टाकते," म्हणाली आणि आत गेली. तिला ते सोंग बघवत नसे.

भाऊजींनी झाकण उघडलं. एक सिगार उचलून कानाशी नेला आणि बोटांत हलकेच फिरवला. चुरचुर ऐकू आली नाही. "कोरडे पडलेले नाहीत."

"आणि ते पांढरं काय दिसतंय? बुरशी असेल तर मी मेलेच."

त्यांनी मऊ ब्रशने पांढरी भुकटी झटकली. खाली पान स्वच्छ, तुकतुकीत होतं. "छे. बुरशीचा डाग राहतो. हे पानातलंच तेल वर आलंय. वय झालं की येतं."

"तुमच्या केसांसारखं."

"माझे निदान आहेत. तुझ्या कप्तानाचं काय?"

एवढ्यावर भागलं असतं तर बरं झालं असतं. पण मेव्हणी टक लावून बसली होती. हुंगल्याशिवाय सुटका नव्हती. त्यांनी सिगार नाकाशी धरला, डोळे मिटले आणि बरं दिसेल एवढा वेळ थांबले. "जुनं देवदार, थोडंसं चामडं," हे वाक्य जिभेवर तयार होतं.

तेवढ्यात काहीतरी आलं. अगदी बारीक, थंड, नको वाटणारं. त्यांनी डोळे उघडले. भास असेल म्हणून दुसरा सिगार घेतला. मग तिसरा. तेच.

"ही पेटी तू लोकरीच्या कपड्यांत ठेवली होतीस?" त्यांनी विचारलं.

मेव्हणीचा चेहरा उतरला. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"डांबरगोळ्या होत्या ना? खरं सांग. माझी शपथ आहे."

"घर बदललं तेव्हा ठेवली हो. स्वेटरांना कसर लागू नये म्हणून ट्रंकेत मूठभर गोळ्या टाकल्या होत्या. नंतर आठवडाभर पेटी उघडी ठेवली खिडकीत. म्हटलं, तुमच्या नाकाला कळलं नाही तर ह्यांच्या कुठलं कळतंय." तिने पदर डोळ्यांना लावला. "बंदरा-बंदरातून एकेक जमवलेत त्यांनी. तुमचं नाक पण ना, जळलं मेलं."

भाऊजी हसायला लागले. हसता हसता त्यांनी पुन्हा एक सिगार हुंगला. "काय घाण येतेय गं. अहाहा."

"माझा जीव जातोय आणि तुम्हाला मजा वाटतेय."

"रडू नकोस. इकडे बघ." त्यांनी वरचा थर उचलला. खालच्या थरातले सिगार काचेच्या नळ्यांत होते, तोंडाला लाख लावलेल्या. "यांना काही झालेलं नाही. वरचे मात्र वेगळे काढ, त्यांचा शेजार यांना नको. देवदाराच्या खोक्यात ठेव, झाकण उघडं, ओल्या स्पंजचा तुकडा जवळ. वास हळूहळू उतरेल. आणि परवा तो आल्याबरोबर त्याला सगळं सांगून टाक."

मग ते उठले आणि स्वतःचं कपाट उघडलं. त्या कपाटातला सिगार आजवर सख्ख्या भावालाही मिळाला नव्हता. त्यांनी त्याच वयाचे मूठभर काढून मेव्हणीपुढे ठेवले. "जे वाया जातील त्यांच्या बदली."

तिचा जीव भांड्यात पडला, पण संशयही आला. "भाऊजी, तब्येत बरी आहे ना तुमची?"

त्यांनी कपाट लावून घेतलं. स्वतःसाठी एक निवडला, टोक कापलं, सावकाश पेटवला. पहिला धूर तोंडात धरून ठेवला. लाकूड आलं. ओली माती आली. मागोमाग भाजलेल्या बियांसारखं काहीतरी कडवट. इतक्या महिन्यांनी सगळे आले होते, एकेक करून, ओळख देत. त्यांना रडू आवरेना, म्हणून ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

आणि मग धुराच्या पलीकडून आणखी एक वास आला. त्यांनी हात खाली घेतला.

"अगं," ते पूर्वी म्हणायचे तसंच, मान न वळवता म्हणाले, "दूध लागतंय खाली."

बायको मघापासून दाराआडच उभी होती. ती पुढे आली. हातातलं फडकं तसंच हातात.

मेव्हणीनेही हुंगून पाहिलं. "हो की. ताई, आधी गॅस बंद कर."

बायको नवऱ्याकडे बघत राहिली.

"लागू दे," ती म्हणाली.