संयोगिताच्या ट्रायलची तारीख

सासऱ्याची वाट न बघता संयोगिता आज पहिल्या एसटीने पाटणला आली आणि स्टँडमागच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन मालक जवाहरच्या टेबलासमोर उभी राहिली. जवाहरने खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

"माज्या मागनं नाव घातलेल्या दीपालीचं लायसन काल पोस्टानं घरी आलं," ती म्हणाली. "माजी ट्रायल कवा?"

जवाहरने नेहमीची उत्तरं बाहेर काढली. साइट बंद होती. कराडला स्लॉट नव्हता. मध्ये सुट्ट्या आल्या. ही उत्तरं त्याला इतकी पाठ होती, की ती देताना तो मोबाइलवर दुसऱ्यालाच मेसेज करत होता.

"दीपालीला साइट चालू आन मला तेवढी बंद व्हय? माज्या लर्निंगची मुदत बेस्तरवारी संपती. पुढच्या पंधरवड्यात बचत गटाचा टेम्पो येतोय. लायसन असंल तर मी चालवायचा, नसंल तर भाईरचा ड्रायव्हर ठेवायचा, असं मिटिंगीत ठरलंय. त्या टेम्पोसाठी ब्यांकेत खेटे मी घातले. आन आता स्टेरिंगवर दुसरा बसणार?"

"पुन्यांदा लर्निंग काढू की, ताई."

"लाज वाटती का काय? बाईमानूस बघून फशिवताय. मामा येत्यातच मागनं. ते बघतील तुमच्याकडं."

मामा म्हणजे तिचे सासरे, आकाराम सुभेदार. त्यांचं नाव निघाल्यावर जवाहर घाबरायला हवा होता. तो हसला, पण ते हसणं काही आनंदाचं नव्हतं. मोबाइल पालथा ठेवून तो उठला आणि त्याने काचेचं दार लावून घेतलं.

"बघतील की. मागच्या दोन येळंला बी बघितलंच की त्यांनी. ताई, खरं सांगू? तुमची तारीख तीनदा आलीती. मेसेज माज्याच फोनवर येतो, समद्यांचाच येतो. तिन्ही येळंला मी रद्द केली. सुभेदारसाहेबांनी सांगितलं म्हणून."

"मामांनी?"

"पोरीला लायसन मिळाया नगं, पन आमी अडिवलं असं बी दिसाया नगं, म्हणाले. मी येऊन आरडीन, तू निस्ते हात जोड. तुमच्या गावची समदी पोरं त्यांच्या शब्दावर माज्याकडं शिकाया येत्यात. मी कसा न्हाई म्हणू? त्यांच्या शिव्या खाल्ल्या, त्या ठरलेल्याच हुत्या. आता तुमी बी सुरू केलं. दोगांच्या कुटं खाऊ?"

आता संयोगिता खुर्चीत बसली.

बचत गटाच्या सभेत याच आकाराम सुभेदारांनी उभं राहून सांगितलं होतं, की आमच्या घरात बाईला अडवायची रीत नाही, टेम्पो माझी सूनच चालवील. केवढ्या टाळ्या पडल्या होत्या! तेव्हापासून आसपासच्या वाड्यांत लेकी-सुना भांडताना त्यांचा दाखला देत. असा माणूस घरात नाही कसं म्हणणार? मग दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक. एवढी वर्षं फौजेत काढलेला माणूस, पण स्वतःच्या सुनेसमोर स्वतःची बंदूक उचलायची छाती झाली नाही.

रोज संध्याकाळी तेच विचारायचे, "आली का गं तारीख?" नाही म्हटलं की जवाहरच्या नावाने बोटं मोडायचे. आणि ही वेडी, त्यांचं ब्लडप्रेशर वाढेल म्हणून त्यांचीच समजूत घालत बसायची. संयोगिताला रडू आलं नाही. स्वतःच्या भोळेपणाची तिला मनस्वी चीड आली.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. कडक इस्त्रीचा सदरा, पीळ दिलेल्या मिशा, आकाराम सुभेदार आत आले. दार त्यांनी उघडंच ठेवलं.

"काय चाललंय काय रं जवाहर? पोरीचं समदं वरीस वाया घालिवलंस! तुला काय वाटलं, हिच्या मागं कुनी न्हाई? तुजं हे दुकान हितनं उठिवतो का न्हाई बघ!"

जवाहरने सवयीने हात जोडले. स्टँडवरची माणसं दाराशी जमू लागली. टपरीवरचा एक जण चहाचा ग्लास घेऊनच आला होता. तो शेजाऱ्याला म्हणाला, "सासरा असावा तर असा."

ते सुभेदारांनीही ऐकलं. त्यांचा आवाज आणखी एक पट्टी वर गेला. त्यांनी बोट वर केलं आणि ते सुनेकडे वळले. "बोल की गं! भिऊ नगंस. मी हाय!"

संयोगिता उठली.

"मामा, ह्यांनी सांगितलं मला समदं. रद्द कुनी कराया लावली ते."

जवाहरने जोडलेले हात सोडले.

"एकदा निस्तं न्हाई म्हणायचं हुतं, मामा. घरात, माज्या तोंडावर. मी भांडले असते, रडले असते, दोन दिस जेवले नसते. पन ते तुमच्यासंगं झालं असतं. तुमी मला ह्या परक्या मानसाच्या दारात उभी केली. माज्या तोंडनं त्याला वाट्टंल ते बोलाया लावलं. आन वर त्याच्यासमूर म्हणताय, मी हाय."

हे सगळं तिने सांगितलं ते अगदी नेहमीच्या आवाजात. दाराशी उभ्या असलेल्यांना त्यातलं निम्मंही ऐकू गेलं नसेल.

सुभेदारांचं वर गेलेलं बोट हळूहळू खाली आलं. त्यांनी दाराकडे पाहिलं. मग दोन पावलं मागे जाऊन त्यांनी स्वतःच्या हाताने दार लोटलं आणि दबक्या आवाजात ते म्हणाले,

"हळू बोल, पोरी. भाईर लोकं हायती."