न्याहारीचा सौदा

सकाळी रियाधहून कुतैबानं आईला फोनवर सांगितलं, ‘मनगट सुजलंय गं, कुणाजवळ बोलू नकोस,’ तेव्हा फोन स्पीकरवर होता आणि जावई मुहन्नद समोरच न्याहारी करत होता. संध्याकाळी अम्मानच्या घरी सगळे कुतैबाचा व्हिडिओ गेमचा अंतिम सामना टीव्हीवर बघत होते. तो पहिला डाव हरला, घर हळहळलं. मुहन्नद मात्र मोबाईलकडे बघून गालात हसला. कॉफी ओतता ओतता आईनं डोकावलं. हार-जितीवर पैसे लावायच्या ऑनलाइन अंदाजांच्या बाजारात जावयानं ‘कुतैबा हरणार’ विकत घेतलं होतं, सकाळी आठ वाजता. न्याहारीची ताटंही तेव्हा उचलली नव्हती. ‘सासूबाई, तिथं सगळं जगच पैसे लावतं!’ ‘जगानं माझ्या पोराचा फोन ऐकला होता का?’ पाहुणा कप हलवून पुरे म्हणेपर्यंत ओतत राहायचं, ही घराची रीत. तिनं त्याचा कप हिसकून उपडा घातला. ‘सासूबाई, मी नाही हलवला!’ ‘उरलेली बाजारात पी.’