न चाळलेलं पीठ

मंगळावरच्या वसाहतीत नवे ओट्स पिकल्यापासून लोकांना पृथ्वीची स्वप्नं पडू लागली होती. कुणी नदीत डुंबत होतं, कुणी गेलेल्या आईशी बोलत होतं. वेणूकाकूंची झोप मात्र कोरीच राहिली. त्यांना वारलेल्या नवऱ्याला, अप्पांना, एकदाच भेटायचं होतं.

ते ओट्स पिकवणारी नीलाक्षी सकाळी त्यांच्याकडे आली. ओट्यावर चाळणी होती.

"काकू, तुम्ही पीठ चाळता?"

"म्हणजे काय! यांना खरखरीत भाकरी कधी चालली नाही. अजून हाताला तीच सवय आहे. कोंडा कोंबड्यांना घालते."

"अहो, सगळं सत्त्व त्या कोंड्यातच आहे! पोटातले जंतू त्याच्यावर जगतात आणि स्वप्नं तेच विणतात."

दोघींनी खुराड्यात डोकावून पाहिलं. कोंबड्या गाढ झोपल्या होत्या आणि आभाळात असल्यासारखे पंख हलकेच हलवत होत्या.

दुपारी काकू न चाळलेल्या पिठाची भाकरी खाऊन आडव्या झाल्या. हळूहळू अंगण आलं, पारिजात आला, पाटावर बसलेले अप्पा आले. त्यांनी घास चावला आणि कपाळाला आठी घातली.

"काय गं, आज पीठ चाळलं नाहीस वाटतं?"