चिंचेखालचा चहा

गाडीतल्या सगळ्या जागा पाहुण्यांनी भरल्या होत्या, म्हणून झेलिपा मागे कोबीच्या पोत्यांवर बसून आली. विमान उतरतं तिथून पर्यटकांची जंगलातली छावणी चार तासांवर. माश्या कपड्यांतून चावत होत्या. गाडी चालवणारा फॅनवेल वाटेत दोनदा थांबला आणि मागे येऊन तिला पाणी देऊन गेला.

"दम धरा, वहिनी. लुआंग्वा नदी ओलांडली की आलंच."

गेल्या ऑक्टोबरात याच फॅनवेलने तिच्या अंगणात जमिनीवर बसून सांगितलं होतं, "मावुतोला काही कळलंसुद्धा नाही, वहिनी. रानरेड्याने एकच धडक दिली. तिथेच संपलं." नवऱ्याची शवपेटी तिला उघडू दिली नव्हती. तेवढ्या एका वाक्यावर झेलिपा आजवर झोपत आली होती.

छावणीचा साहेब डेरेक. त्याने तिला पांढरा एप्रन दिला.

"चार वाजता चहा. पाहुणे कप पुढे करतील, तू ओतायचा. आणि जरा हसरा चेहरा ठेव, पहिलाच दिवस आहे."

खुर्च्या नदीकाठच्या चिंचेखाली मांडल्या होत्या. पलीकडच्या वाळूवर मगरी पडल्या होत्या. झेलिपा किटली घेऊन फिरू लागली. पाहुण्यांच्या मधोमध उभं राहून फॅनवेल इंग्रजीत बोलू लागला.

"तुम्ही बसलाय ना, याच झाडावर मी गेल्या वर्षी जीव मुठीत धरून बसलो होतो."

पाहुणे वर फांद्यांकडे बघून हसले.

"बंदूक खाली पडलेली. माझा जोडीदार तिकडे, त्या वारुळापाशी. रानरेड्याने त्याचं पोट फाडलं होतं, पण जीव गेला नव्हता. आणि रेडा काही हलेना. हा जरा सरकला की तो पुन्हा यायचा. पुन्हा शिंग घालायचा."

"अरे देवा! किती वेळ?" लाल टोपीवाल्या बाईंनी विचारलं.

"वीस मिनिटं. मला हाका मारत होता. 'फॅनवेल, खाली ये. फॅनवेल, खाली ये रे.'"

झेलिपा मिशनच्या शाळेत सातवीपर्यंत शिकली होती. फॅनवेलला ते ठाऊक नव्हतं. कप भरला, चहा बशीत आला, बशीतून बाईंच्या मांडीवर सांडला. बाई किंचाळून उठल्या. फॅनवेलने मागे वळून पाहिलं, झेलिपाचा चेहरा पाहिला आणि त्याचं बोलणं तुटलं.

"राहू दे, राहू दे," बाई स्कर्ट झटकत म्हणाल्या. "बिचारा! त्याच्या घरी कोण होतं?"

डेरेक याच प्रश्नाची वाट बघत होता. त्याने झेलिपाच्या खांद्यावर हात ठेवला.

"ही काय, तुमच्यासमोर उभी आहे. त्याची बायको. आजच तिला कामावर घेतलंय. आम्ही आमच्या माणसांना वाऱ्यावर सोडत नाही."

मग एकाने टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. ओल्या स्कर्टनिशी बाईंनी तिला घट्ट मिठी मारली. त्यांच्या नवऱ्याने दोघींचा फोटो काढला. नीट आला नाही म्हणून परत काढला.

पाहुणे कपडे बदलायला तंबूंत गेले.

"झकास झालं," डेरेक तिला म्हणाला. "नवे पाहुणे आले की दर वेळी असंच करू. फक्त चहा सांडू नकोस. आणि त्याचं सांगून होईपर्यंत मागेच थांबत जा. आधी दिसलीस तर मजा जाते."

ती स्वयंपाकघरामागे कप धुवायला बसली. फॅनवेल आला आणि लांबच उभा राहिला.

"तुम्हाला इंग्रजी येतं, वहिनी?"

"येतं."

"ते पाहुण्यांसाठी असतं हो. तिखटमीठ लावावं लागतं. साधं सांगितलं तर ऐकत नाहीत."

झेलिपाने हातातला कप खाली ठेवला. "म्हणजे वीस मिनिटं नव्हती?"

फॅनवेलने टोपी काढली.

"साहेब म्हणाले, वीसच सांग," तो म्हणाला. "त्याहून जास्त सांगितलं तर पाहुण्यांच्या घशाखाली चहा उतरत नाही."

पुढे तंबूंकडून कुणाचं तरी हसणं ऐकू आलं. झेलिपाने एप्रनला हात पुसले. टोमॅटोचं रिकामं खोकं पालथं घातलं आणि त्याच्याकडे सरकवलं.

"बसा, भावजी. मला सगळं सांगा."

तो बसला.

त्या संध्याकाळी पाहुण्यांना प्राणी दाखवायला नेणारी फॅनवेलची गाडी पाऊण तास उशिरा निघाली. डेरेकने पाहुण्यांची मनापासून माफी मागितली.