गच्चीवरची तार

देवरावजी पक्कड घेऊन गच्चीवर आले, तेव्हा पार्वतीबाई सोऱ्यातून कुरडया पाडत बसल्या होत्या. सकाळचीच वेळ, पण नागपूरच्या चैत्राला सकाळ-दुपार कळत नाही. फरशी तापायला लागली होती. टाकीच्या सावलीत पार्वतीबाईंची सून दीप्ती मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. तिच्या डोक्यावरून, टाकीच्या खांबापासून जिन्याच्या खोलीपर्यंत, तांब्याची एक तार ताणलेली होती. सगळं भांडण त्या तारेचं होतं.

"मीटिंगमध्ये ठरलं," देवरावजी म्हणाले. सोसायटीचे सेक्रेटरी ते, ठरलेलं सांगायची त्यांना भारी हौस. कुरडया पाहून त्यांनी चपला मात्र जिन्यातच काढल्या. "ही तार आज निघाली पाहिजे. माझा टीव्ही रोज अटकून राहिला. अन् उद्या पोलीस आले त सही कोणाची लागन? माझी."

दीप्ती तोंड उघडायच्या आत पार्वतीबाई उठल्या. बादलीतलं ओलं लुगडं त्यांनी उचललं आणि सरळ तारेवर टाकलं.

"कोणती तार, भाऊजी? माही दोरी होय. लुगडे वाळवाची."

देवरावजी थबकले. दोरी काढायचा ठराव काही मीटिंगमध्ये झाला नव्हता.

इकडे लॅपटॉपवरच्या ओळी थांबल्या. ती तार विमानांचे संदेश पकडायची. वैमानिकांचं बोलणं त्यात नसे. विमानातलं यंत्र खालच्या केंद्राला जे आपसूक लिहून पाठवतं, ते येई. कुठे आहोत, वारा कसा आहे, काय नादुरुस्त झालं. बंगालच्या उपसागरावरून निघालेली ओळ या गच्चीवर उतरायची. सुरुवातीला दीप्तीला ती नुसती अक्षरांची खिचडी वाटे. मग एकेक आखूड शब्द धरून, डोकं फोडून ती वाचायला शिकली. कोणी शिकवलं नव्हतं आणि कोणी शीक म्हणूनही सांगितलं नव्हतं. तिच्या दिवसात तिची म्हणावी अशी तेवढीच एक गोष्ट होती.

पार्वतीबाई त्या तारेला पहिल्यापासून दोरीच म्हणत. त्या लुगडं टाकायच्या, संदेश बंद पडायचे, सून लुगडं उतरवायची, आणि दोघींची तोंडं दिवसभर फुगलेली असायची. तरी आज सकाळी सुनेनं वाचून दाखवलं की एका विमानातलं चहाचं यंत्र बिघडलंय, तेव्हापासून त्यांचा जीव त्या चहात अडकला होता. आणि आता तर त्या सुनेच्या बाजूनं चक्क खोटं बोलल्या होत्या.

दीप्तीनं गप्प बसायचं, एवढंच बाकी होतं. तार वाचली असती. फक्त ती दोरी म्हणून वाचली असती, आणि जिन्यात पावलं वाजली की तिच्यावर ओलं लुगडं टाकत बसावं लागलं असतं. दीप्तीला त्या सोप्या वाटेचाच संताप आला. ती उठली आणि तिनं लुगडं खाली ओढलं.

"दोरी नाही, काकाजी. अँटेना आहे. विमानाचे मॅसेज येते याच्यावर."

"विमानाचे? तू बसली का कधी विमानात?"

"नाही."

"मंग याचा उपयोग काय?"

"काहीच नाही. मले समजते, म्हणून मी वाचते. टीव्ही अटकते त टीव्हीवाल्याले बोलवा. पोलीस आले त मले बोलवा, मी दाखवतो काय करून राहिली ते. पण लपवणार नाही."

पार्वतीबाईंचा चेहरा उतरला. शेजाऱ्यासमोर सुनेनं त्यांचा शब्द खोटा पाडला होता, त्यांचंच लुगडं हातात धरून.

"घरातच एकमत नाही तुमच्या," देवरावजी खूश होऊन म्हणाले आणि खांबाकडे निघाले.

पार्वतीबाईंनी चिकाचं पातेलं उचललं, प्लास्टिकचा नवा कागद खांबासमोर अंथरला आणि सोऱ्या घेऊन तिथेच फतकल मारली. एक कुरडई पडली, तिच्याशेजारी दुसरी. बघता बघता खांबाकडे जायची वाट पांढरी झाली.

"वहिनी, सरका थोड्या."

"चीक गरम हाय, भाऊजी. थंडा झाला का पडत नाही."

"मंग कधी येऊ?"

"कुरोड्या वाळल्या का पापड हायत. पापड झाले का मुंगवड्या."

देवरावजी उभे राहिले. अनवाणी पाय भाजत होते, म्हणून कधी या पायावर, कधी त्या. ओल्या कुरडया ओलांडून गेलेला माणूस त्या इमारतीत अजून कोणी पाहिला नव्हता, आणि पहिलं व्हायची त्यांची छाती नव्हती.

लॅपटॉपवर ओळी पुन्हा सरकू लागल्या.

"चहा भेटला का वं त्याईले?" पार्वतीबाईंनी मान न वळवता विचारलं.

दीप्तीनं वाकून पाहिलं. "नाही, आई. दुसरं मशीनही गेलं म्हणते."

"अवं माय."

देवरावजींनी गळ्यातल्या दुपट्ट्यानं मान पुसली आणि पक्कड खिशात घातली. "बरं, असं करू. मी मीटिंगमध्ये सांगतो, गच्चीवर दोरीच आहे म्हणून. तुमचं काम झालं, माझंही झालं."

पार्वतीबाईंनी सोऱ्या खाली ठेवला. गुडघ्यावर हात देऊन त्या उठल्या, सुनेच्या हातातलं ओलं लुगडं घेतलं आणि पलीकडे कठड्यावर नीट पसरलं.

"दोरी काहून सांगता?" त्या म्हणाल्या. "अँटेना सांगा."