बाईंच्या गाडीचा कोड

"कोड लगेच पुसू नकोस. आधी वाच," बाई म्हणाल्या.

गॅरेजच्या मालकिणीने, खटपटीने, स्कॅनरची वायर स्टिअरिंगखालच्या सॉकेटात खोचली होती. पडद्यावर बिघाडाचा एकच कोड उमटला. त्याचा अर्थ सरळ होता: थ्रॉटल आणि क्लच यांचा मेळ बसत नाही.

"हाच तो. तीन गॅरेजं झाली. पहिल्याने थ्रॉटल बदलला, दुसऱ्याने क्लचचा स्विच. तिसरा नुसता एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, गाडी ठणठणीत आहे. वर मलाच विचारतो, क्लचवर पाय ठेवून चालवता का? मला!"

खटपटीला हसू आवरेना. बाईंनी तीस वर्षं मोटार शिकवली होती. हजारभर बायका त्यांच्या हाताखाली तयार झाल्या. क्लचवर कुणाचा पाय उगाच रेंगाळला, की बाई लाकडी पट्टीने घोट्यावर टकटक करायच्या. खटपटीनेही ती पट्टी खाल्ली होती. शिकवणीच्या दुसऱ्याच दिवशी गाडी चालवायची सोडून तिने बॉनेट उघडलं, तेव्हा बाईंनीच तिचं हे नाव ठेवलं. आता तिच्या स्वतःच्या गॅरेजात गाड्या उचलायच्या दोन लिफ्ट होत्या आणि दारावरच्या पाटीवरही तेच नाव होतं.

"गाडीची ताकद नेमकी कधी जाते?"

"चढावर. परवा मागे ट्रक होता. मी ॲक्सिलरेटर दाबतेय, दाबतेय, आणि गाडी ढिम्म. ट्रकवाल्याने वेळेवर ब्रेक मारला म्हणून वाचले. उतरून काय काय बोलला मला. उभ्या जन्मात असं कुणी बोललं नव्हतं गं."

"ताई काय म्हणते?" ताई म्हणजे बाईंची मुलगी.

"विकून टाक म्हणते. मी म्हटलं, विकीन, पण बिघाड सापडल्यावर. हरून नाही विकणार."

खटपटी कामाला लागली. थ्रॉटलची झडप साफ होती. पेडलचा सेन्सर बरोबर आकडे देत होता. तिने एकेक जोड उघडून पाहिला, वायरी हलवून, वाकवून पाहिल्या. कुठे काही नाही.

बाई स्टुलावर बसून शेजारच्या टॅक्सीवाल्याला सांगत होत्या, "हिला मी शिकवलं बरं का. पहिल्या दिवशी गाडी थेट फुटपाथवर घातली होती हिने."

"बाई, ऐकू येतंय मला."

"यावं म्हणूनच बोलतेय."

त्या बघायला म्हणून उठल्या आणि लिफ्टच्या पट्टीला अडखळल्या. टॅक्सीवाल्याने सावरलं. "हे लोखंड कुठे आडवं टाकलंय!" बाई फणकारल्या. डाव्या पायातून निघू पाहणारी चप्पल त्यांनी हाताने पुन्हा वर सरकवली. "आणि ही मेली दुसरी जोडी. नवीकोरी असून सैल."

दुपारी खटपटीने स्कॅनरला लॅपटॉप जोडला आणि दोघी चढाच्या रस्त्याला गेल्या. आधी खटपटीने चालवली. लॅपटॉप बाईंच्या मांडीवर होता. पडद्यावर दोन रेघा धावत होत्या, एक क्लचची, एक थ्रॉटलची; पेडल दाबलं की रेघ वर, सोडलं की खाली. एक उतरली की दुसरी चढायची. चार फेऱ्या झाल्या. कोड आला नाही.

"आता तुम्ही."

बाईंनी आरसा नीट केला, सीट पुढे घेतली. पहिला गिअर, दुसरा. तिसरा पडला आणि क्लचची रेघ उतरायची थांबली. ती वरच लोंबकळत राहिली आणि थ्रॉटलची रेघ तिला ओलांडून निघून गेली. दिवा पेटला. गाडीचा जीव गेला.

"बघ! बघ आला!" बाई जवळजवळ ओरडल्या. "मी खोटं बोलत नव्हते!"

खटपटी पडद्याकडे बघत राहिली. मग तिची नजर खाली पेडलांकडे गेली.

"पुन्हा एकदा, बाई."

तीनदा केलं. तीनदा तेच झालं. चौथ्यांदा खटपटीने पडद्याकडे पाहिलंच नाही. परतताना तिने स्वतः चालवायला घेतली.

"सापडला ना?" गॅरेजात शिरताच बाईंनी विचारलं.

"सापडला."

बाईंनी टॅक्सीवाल्याकडे वळून हात उंचावले. "बघा! तिघा बाप्यांना जमलं नाही, ते माझ्या पोरीने अर्ध्या दिवसात केलं." त्यांचे डोळे भरून आले होते. "थ्रॉटल की क्लच?"

"दोन्ही ठणठणीत आहेत."

"मग वायर?"

खटपटीने हात पुसले. बोटं केव्हाच कोरडी झाली होती, तरी ती पुसत राहिली. "वायरच म्हणा."

"दुरुस्त होईल?"

"लवकर दाखवलं तर बहुतेक होईल. पण ते काम माझं नाही, बाई. ज्यांचं आहे त्यांचा पत्ता लिहून देते. आत्ताच जाऊ. गाडी राहू दे इथेच, माझ्या गाडीने नेते."

"म्हणजे पाचवं गॅरेज! आणि गाडीशिवाय?" बाई हसल्या. "बरं, चल. तू म्हणतेस म्हणजे काहीतरी असेल."

त्या तिच्या शेजारी बसल्या. खटपटीने चिठ्ठी त्यांच्या हातात दिली आणि गाडी रस्त्यावर काढली. बाई सवयीने तिच्या पायांकडे बघत होत्या. पहिला, दुसरा, तिसरा. कुठे हिसका नाही.

"छान सोडतेस गं क्लच," त्या म्हणाल्या. "माझं नाव राखलंस."

मग त्यांनी पर्समधून चष्मा काढला आणि चिठ्ठी उलगडली.

वर मोठ्या इस्पितळाचं नाव होतं. खाली, खटपटीच्या गिचमिड अक्षरात, दोनच ओळी:

मज्जातंतू विभाग.

डावा पाय.