विषम फुलं

"पाच," कालोयान जांभई देत म्हणाला. "बाई, दर वेळी पाचच येतात."

रुम्यानाबाईंनी खडू टेबलावर आपटला. मनात संख्या धरा, दुप्पट करा, दहा मिळवा, निम्मे करा, मनातली वजा करा. ही जादू करून करून त्यांचा घसा बसला होता, पण पाचच का येतात, हे एकाही कार्ट्याने विचारलं नव्हतं. आज शेवटी त्यांनीच विचारलं, तर कालोयान म्हणाला, तुम्ही म्हणता म्हणून. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय!

विदिन शहरातल्या त्या शाळेत शाळा सुटल्यावर भरणाऱ्या गणित मंडळाचा आज निकाल लागणार होता. चार वाजता मुख्याध्यापिका स्तोइलोवाबाई यादी न्यायला येणार. तोवर मंडळात येऊ म्हणणाऱ्या पाच मुलांच्या सह्या झाल्या नाहीत, तर सोमवारपासून खोली नाचाच्या वर्गाला. सह्या होत्या दोन.

त्यात आठ मार्च, महिला दिन. प्रत्येक पोर बाईंसाठी फुलं घेऊन आलेलं आणि फुलदाणी एकच. बाईंनी वैतागून कालोयानची तीन आणि आणखी कुणाची पाच ट्युलिप एकत्र कोंबली.

"बाई, आठ झाली," पाचवीतली वेलिना घाबरून म्हणाली.

जिवंत माणसाला विषम फुलं द्यायची, सम फक्त मेलेल्याला, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. वेलिनाने घाईघाईने आपली तीन आत खोचली. अकरा झाली, तेव्हा सगळ्यांच्या जिवात जीव आला. तेवढ्यात धाकट्या मिरोने आपली पाच घातली आणि झाली सोळा. सगळे त्याच्यावर तुटून पडले. आईने मोजून पाचच दिली होती, असं तो रडकुंडीला येऊन सांगत राहिला.

वेलिना फुलदाणीकडे बघत होती. "घरून सगळ्यांनी जिवंत माणसाचीच आणली. मग दोन गुच्छ एकत्र केले की ती मेलेल्याची का होतात?"

उत्तर बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"मला काय विचारतेस?" त्या खेकसल्या. "फुलं तुमची."

कालोयानने अख्खी फुलदाणी टेबलावर पालथी केली. पाणी यादीवर गेलं. पोरं आपापली फुलं वेगळी करून त्यांच्या जोड्या लावायला लागली, आणि प्रत्येक गुच्छातलं एक फूल एकटं उरायला लागलं.

चार वाजता स्तोइलोवाबाई दारात आल्या. एका हातात त्यांना मिळालेली सात फुलं, दुसरा हात यादीसाठी पुढे. रुम्यानाबाईंनी भिजलेला कागद उचलला. दोनच नावं होती, तीही शाई फुटून गेलेली.

"बाई, तिथंच थांबा," कालोयान मान वर न करता म्हणाला. "तुमची फुलं आत आणू नका. आमचं अजून सुटलेलं नाही."

स्तोइलोवाबाईंनी पुढे केलेला हात मागे घेतला आणि दारातच उभं राहून आपली फुलं मोजली.